प्रत हाती आहे का?

पुस्तक हातात पडलं की बहुतेक लोक ते उलटं करून मागचा मजकूर वाचतात. काही जण पहिलं वाक्य चाखून बघतात. माझी बोटं आपसूक शीर्षकपानाच्या पाठीमागे जातात. तिथे बारीक टायपात हक्कांची नोंद असते, प्रकाशकाचा पत्ता असतो, साल असतं, आणि अमेरिकेत छापलेलं पुस्तक असलं तर तळाशी बऱ्याचदा नुसत्या आकड्यांची एक ओळ असते, दहापासून एकापर्यंत उतरत गेलेली. पुढची छपाई निघाली की त्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा काढून टाकतात. ओळ चारावर थांबली असेल, तर हातातली प्रत चौथ्या छपाईतली. एवढं कळलं की मी चष्मा पुसतो आणि मग कुठे कादंबरीकडे वळतो. घरचे आता याबद्दल काही बोलत नाहीत.

इंग्रजी विज्ञानकथांची एक प्रचंड सूची हौशी मंडळींनी १९९५ पासून उभी केली आहे. 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' हे तिचं लांबलचक नाव. तिच्यात कादंबरी वेगळी धरतात आणि तिची छापील रूपं वेगळी. एकेका कादंबरीखाली डझनावारी नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला प्रकाशक, महिना, किंमत, पानं, मुखपृष्ठाचा चित्रकार असे रकाने. त्यातल्या सायबरपंक कादंबऱ्यांच्या नोंदी ताडून बघणं हे माझं संध्याकाळचं काम. कुठे साल चुकलेलं असतं, कुठे चित्रकाराचं नाव गळालेलं, कुठे एका छपाईची किंमत दुसरीला चिकटलेली. दुरुस्ती सुचवली की ती कुणी तरी जाणता माणूस तपासतो. त्याला शंका आली की प्रश्न ठरलेला: प्रत हाती आहे का? दुकानाच्या यादीत वाचलं, कुठल्याशा लेखात होतं, मला पक्कं आठवतंय, यातलं काहीही चालत नाही. पुस्तक समोर टेबलावर असेल तर बोला.

जबलपूरला ही पुस्तकं आली कुठून, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. ती आली बदल्यांमुळे. आमचं गाव छावणीचं. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र इथे. दोन-तीन वर्षं झाली की साहेबाची बदली होते, सामान ट्रंकांत मावत नाही, आणि घरातल्या बाईसाहेब सर्वांत आधी पुस्तकं बाहेर काढतात. सदर भागातल्या कबाड्याकडे ती किलोच्या भावाने येतात. सिग्नल्सवाल्यांच्या घरच्या गठ्ठ्यात तारा, यंत्रं, संगणक असलेल्या कादंबऱ्या जरा जास्तच निघतात, असा माझा समज आहे. कबाड्याचा तराजू जुना आणि जीभ खास जबलपुरी. मी दिसलो की तो लांबूनच ओरडतो, "काय बड्डे, फिर अंग्रेजी?" आणि गठ्ठा सुटण्याआधी मी तो खाली बसून चाळू लागतो.

अशाच एका गठ्ठ्यातून विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' माझ्याकडे आली. सायबरपंक या प्रकाराची ही बिनीची कादंबरी. शब्द त्याच्या आधीचा: ब्रूस बेथकी याच्या एका कथेचं हे नाव, आणि ती कथा छापली गेली 'अमेझिंग स्टोरीज'च्या नोव्हेंबर १९८३ च्या अंकात. सूचीकाराचं डोकं इथेच दुखू लागतं, कारण त्या काळच्या अमेरिकी मासिकावरचा महिना म्हणजे बहुधा दुकानदाराने अंक उचलून ठेवायचा महिना. अंक वाचकाच्या हाती त्याआधीच पडलेला असे. तरीही नोंदीत जातो तो छापलेला महिनाच. जे दिसतं ते लिहायचं, जे माहीत आहे ते खाली टीप म्हणून द्यायचं. एवढी एक शिस्त पाळली तरी माणसाचा बराचसा अहंकार निवतो.

'न्यूरोमॅन्सर' जुलै १९८४ मध्ये एस बुक्सने काढली, थेट पेपरबॅकमध्ये. टेरी कार या संपादकाच्या खास मालिकेतलं ते पुस्तक, किंमत दोन डॉलर पंचाण्णव सेंट, मुखपृष्ठ जेम्स वॉरहोलाचं. हा वॉरहोला म्हणजे अँडी वॉरहॉलचा पुतण्या. पुठ्ठ्याच्या बांधणीतली पहिली प्रत त्याच वर्षी इंग्लंडात गोलान्झने काढली. अमेरिकेत तशी बांधणी व्हायला १९८६ उजाडलं. पुढे ही कादंबरी इतकी खपली की एस बुक्स ती पुन्हा पुन्हा छापत राहिलं, आणि त्या छपायांच्या आतल्या पानावर 'जुलै १९८४' तसंच राहिलं. सूचीतल्या घोळांचं मूळ हे. कुणी तरी दहा वर्षांनंतरची प्रत उघडतो, आत जुलै १९८४ वाचतो आणि प्रामाणिकपणे पहिल्या आवृत्तीची नोंद करून मोकळा होतो. पण त्याच प्रतीच्या मुखपृष्ठावर ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे तिन्ही पुरस्कार मिळाल्याची जाहिरात असते. जुलै १९८४ मध्ये प्रकाशकाला ते पुरस्कार स्वप्नात दिसले असतील तरच. पुस्तक स्वतःबद्दल एक सांगत असतं आणि त्याचा चेहरा दुसरं. सूचीकाराने दोघांचं ऐकून घ्यायचं.

अशा वेळी मी आयएसबीएनकडे वळतो. पहिल्या छपाईचा क्रमांक ०-४४१-५६९५६-०. पहिलं शून्य इंग्रजी भाषेच्या मुलखाचं, ४४१ एस बुक्सचं, पुढचे पाच आकडे या पुस्तकाचे, आणि शेवटचा आकडा राखणीला. पहिल्या नऊ आकड्यांना डावीकडून दहा, नऊ, आठ असं उतरत दोनपर्यंत गुणायचं आणि बेरीज करायची. इथे ती येते १९८, म्हणजे अकरा गुणिले अठरा. बाकी शून्य, म्हणून राखणदार शून्य. आता कुणी घाईत ९ आणि ५ ची अदलाबदल केली, ५६९५६ चं ५६५९६ झालं, की बेरीज १९४ वर येते आणि अकराने भाग जात नाही. चूक लगेच पकडली जाते. माझे वडील इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ सालचा हा कारखाना. त्यांच्या खात्यात सुटे भाग तपासायला 'गो' आणि 'नो-गो' असे दोन तोंडांचे गेज असत: एका तोंडात भाग शिरलाच पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. शेवटचा आकडा मला त्या गेजसारखा वाटतो. पुस्तक चांगलं की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माप चुकलं की तो अडवतो. नंतरच्या छपायांवर क्रमांक ०-४४१-५६९५९-५ असा बदललेला आहे. कबाड्याच्या दुकानातली माझी प्रत या दुसऱ्या क्रमांकाची निघाली. जुलै १९८४ आतल्या पानावर छापलेलं असूनही ती त्या महिन्यातली नव्हे, हे तिच्याच पाठीवर लिहिलेलं होतं.

भारतात मात्र ब्रिटिश पेपरबॅक जास्त. 'न्यूरोमॅन्सर'ची ग्राफ्टनने १९८६ मध्ये काढलेली प्रत अजूनही अधूनमधून गठ्ठ्यात सापडते. तिच्या क्रमांकात ५८६ हा भाग आहे. तो मुळात पँथर आणि ग्रॅनाडाचा. कॉलिन्सने ग्रॅनाडाचा पुस्तकधंदा १९८३ मध्ये विकत घेतला, नाव ग्राफ्टन झालं, पुढे सगळंच हार्परकॉलिन्समध्ये विरघळलं. कण्यावरची नावं बदलत गेली, क्रमांकातलं जुनं आडनाव राहिलं. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या आमच्या एका आत्याची आठवण मला इथे हमखास येते. तिच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं आणि पेन्शनच्या कागदांवर सासरचं. दोन्ही बायका एकच, हे पटवता पटवता तिचं म्हातारपण गेलं.

या ब्रिटिश प्रतींवर पौंडातली किंमत छापलेली असते आणि तिच्यावर आयात करणाऱ्याने रुपयांची चिठ्ठी डकवलेली असते. सूचीत जाते ती छापील किंमत. चिठ्ठी फार तर टिपेत. एका प्रतीच्या आत निळ्या शाईत लिहिलेलं आहे: टिंकूस वाढदिवसाची भेट, पठाणकोट, १९९१. अक्षर बहुधा वडिलांचं. टिंकूने कादंबरी एकशे बाराव्या पानापर्यंत वाचली असावी, कारण तिथे बसचं तिकीट आहे आणि पुढची पानं कोरी करकरीत आहेत. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. सूची छपाईची असते, प्रतीची नसते, आणि ते बरोबरच आहे. टिंकूंच्या नोंदी ठेवायला लागलो तर जगातले कागद पुरायचे नाहीत. तरी तिकीट मी काढलेलं नाही.

२२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर जबलपूरला भूकंप झाला. आमच्या घरी पुस्तकांची मांडणी भिंतीसकट हलली आणि पालथी झाली. नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश'चं मुखपृष्ठ त्या रात्री सुटलं ते सुटलंच. सकाळी चुना आणि काचा झाडताना ते केरात गेलं असावं. पुढे काही दिवसांनी मी त्या प्रतीच्या आतल्या पानावरची सूचना वाचली. अमेरिकेत न खपलेली पेपरबॅक परत पाठवताना दुकानदार नुसती मुखपृष्ठं फाडून पाठवतो आणि उरलेलं पुस्तक नष्ट करतो, म्हणून प्रकाशक बजावून ठेवतात की मुखपृष्ठाविना विकत घेतलेलं पुस्तक चोरीचा माल समजावा. म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात जमीन हलली आणि माझी रीतसर विकत घेतलेली प्रत चोरीची दिसू लागली. तिच्यावरून चित्रकाराची नोंद तपासता येत नाही. पानं मात्र सगळी आहेत, म्हणून पृष्ठसंख्येच्या वादात ती अजून साक्ष देते.

इंग्रजी पुस्तकांचं एक बरं असतं: साल एकाच कालगणनेत. आमच्या घरातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं. शके १८३७ म्हणजे इसवी किती? अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९१५. पण वर्ष पाडव्याला बदलतं, तेव्हा पुस्तक पौष-माघात निघालं असेल तर १९१६. शेजारच्या कपाटातल्या हिंदी पुस्तकांवर विक्रम संवत्, तेच वर्ष तिथे १९७२. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. तिचे खंड उघडले की मला पहिल्यांदा हेच वाटतं, की किती वेळा त्यांनी चैत्र की फाल्गुन असं स्वतःला विचारलं असेल आणि त्याचं उत्तर देणारं कुणी जवळ नसेल.

नावांचं आणखी निराळं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या माणसाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. जगताप नावाचा कुणी नव्हताच. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं, नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. आता कथा कुणाच्या नावाखाली लावायची? नियम सांगतो: छापलं असेल तसं लिहा आणि खऱ्या नावाकडे बोट दाखवा. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी १९८६ ची. स्वतःहून शिकत जाणारं यंत्र आणि त्याला घाबरणारी माणसं असा तिचा विषय. त्याच १९८६ मध्ये तिकडे ब्रूस स्टर्लिंगने सायबरपंक कथांचा 'मिररशेड्स' हा संग्रह काढला, गिब्सनची 'काउंट झीरो' आली. या पुस्तकांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. सालाच्या रकान्यात ती शेजारी शेजारी येतात, सूची त्यापलीकडे काही म्हणत नाही. म्हणायचं ते वाचणाऱ्याने.

ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाच्या नावापुढे जन्मसाल लिहून एक छोटी रेघ मोकळी सोडतात. १९३८ आणि रेघ. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्या आठवड्यात माझ्या वहीतली ती रेघ मी पुरी केली. आजवर केलेल्या दुरुस्त्यांमध्ये एवढी सोपी दुसरी नसेल. काही ताडायचं नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. पेन मात्र थोडा वेळ हातात तसाच राहिला.

आमच्या गावात काही काळ हितकारिणी शाळेत एक मराठी घरातला मास्तर शिकवत होता. गजानन माधव मुक्तिबोध. कविता हिंदीत. धाकटा भाऊ शरच्चंद्र. त्याची कविता मराठीत. सूचीत दोघे वेगवेगळ्या भाषांच्या कपाटात जातात आणि वाचकांना कित्येकदा ठाऊकही नसतं की आई एकच. गजानन माधवांचा पहिला स्वतंत्र संग्रह १९६४ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ते गेले. छापलेलं पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही. नोंदीत दोन्ही ठिकाणी १९६४. एक जीवनाचा शेवट आणि एक पुस्तकाची सुरुवात, दोघांना मिळून चार आकडे.

सायबरपंक कादंबऱ्यांतली माणसं शरीराला तुच्छ मानतात. 'न्यूरोमॅन्सर'चा नायक केस तर शरीराला मांसाचा गोळाच समजतो. संगणकांच्या जाळ्यात शिरणं म्हणजे जगणं, आणि तिथून हाकललं जाणं म्हणजे देहाच्या कोठडीत पडणं. गंमत अशी की या कादंबरीबद्दल एक साधी गोष्ट खात्रीने सांगायची तर देहाशिवाय भागत नाही. कागद पिवळा किती, कणा कुठे मोडलाय, आकड्यांची ओळ कुठे थांबते, हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. गिब्सनने ती लिहिली होती हाताने चालवायच्या टाइपरायटरवर. त्याच कादंबरीत डिक्सी नावाचा एक मेलेला हॅकर आहे. त्याचं सगळं कसब, बोलण्याची ढब, विनोद हे एका रॉममध्ये साठवून ठेवलेलं आहे. त्याला बोलता येतं, पण नवं काही त्याच्यात उमटत नाही. दर वेळी तो जसा होता तसाच जागा होतो. काम संपल्यावर मला पुसून टाका, एवढंच तो मागतो. मी पूर्वी या प्रसंगाकडे भुताची गोष्ट म्हणून बघायचो. सूचीचं काम लागल्यापासून मला तो छपाईची गोष्ट वाटतो. छापलेलं पान असंच असतं. त्यातली चूकसुद्धा कायमची.

छापलेल्या चुकीचा मला राग येत नाही, उलट आधारच वाटतो. अमुक छपाईत अमुक ओळीत एक अक्षर चुकलंय आणि पुढच्या छपाईत ते सुधारलंय, एवढ्यावर दोन प्रती ओळखता येतात. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४'ची एक आवृत्ती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, मागाहून माफीही मागितली. तेव्हा सगळे चिडले ते पुस्तक गेलं म्हणून. मला त्याहून चिंता न गेलेल्या पुस्तकांची वाटते. ती रात्रीतून बदलली तर आकड्यांच्या ओळीतून कुठला आकडा खोडला जाणार आहे?

माझी भाची पुण्याला संगणकाचं शिकते. दिवाळीला आली तेव्हा ती फोनवर 'न्यूरोमॅन्सर' वाचत होती. मला उगाच भरून आलं. मी विचारलं, कुठवर आलीस? "चव्वेचाळीस टक्के." टिंकूच्या एकशे बाराव्या पानाच्या अलीकडे की पलीकडे, हे आम्ही बराच वेळ जुळवत बसलो, एक प्रसंग तिने सांगायचा, मी तो माझ्या प्रतीत शोधायचा. तो सापडला, पण एक वाक्य तिच्याकडे जरा निराळं होतं. स्वल्पविराम नव्हता आणि एक शब्द जोडून आला होता. माझ्या दोन्ही कागदी प्रतींत स्वल्पविराम होता.

"मामा, मग माझी पण नोंद कर की," ती म्हणाली. "प्रत आहे हातात."

वही काढली. प्रकाशक सापडला, आयएसबीएन सापडला, तेरा आकडी. राखणदार आकडा ताडून बघितला, जुळला. किंमत तिला आठवत नव्हती, ती जुन्या बिलात मिळाली. सालाशी आलो तेव्हा आतल्या पानावर पुन्हा १९८४ होतं. तिने घेतलं होतं गेल्या वर्षी. फोन म्हणत होता की पुस्तक मागच्या महिन्यात अद्ययावत झालं आहे, काय बदललं ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. तिचं म्हणणं, मागचा महिना लिही. माझं म्हणणं, जे बदललं ते दिसल्याशिवाय कसं लिहू? स्वल्पविराम त्या महिन्यात गेला की पहिल्यापासूनच नव्हता, हे सांगायला मागच्या महिन्याच्या आधीची प्रत लागेल, आणि ती तिच्याकडे होती, त्याच फोनमध्ये, आता नाही. ती सुट्टी संपवून गेली. तिची नोंद वहीत आहे, सालाचा रकाना सोडून.